उपग्रह मला कळेपर्यंत

४ ऑगस्ट

आजपासून मी सामान्य माणूस! लेकीनंच नेमणूक केली. दूरच्या एका वेधशाळेत तीन वर्षांची नोकरी आहे – लोकांना आकाश समजावून सांगायची. तिनं अर्ज केलाय, निवडीसाठी बावीस तारखेला भाषण. विषय – ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची ऊर्जा. सूत्रं नाहीत, फळा नाही, सामान्य माणसाला कळलं पाहिजे ही अट. "आई, तुला कळलं की कुणालाही कळेल." हे कौतुक की अपमान, ते ठरेना. चहा टाकला.

५ ऑगस्ट

पहिली तालीम. मी सोफ्यावर, ती कपाटासमोर. उपग्रह जितका खाली तितका जोरात पळतो, वरचा संथ. तरी एकूण ऊर्जा वरच्याचीच जास्त! का, तर ती उणे असते. "उणे म्हणजे?" – "शून्यापेक्षा कमी." तेवढं मलाही माहीत आहे, बाई! मी आपली मान डोलावत राहिले. शेवटी तिनं विचारलं, काय कळलं? म्हटलं, हा रंग तुला खुलून दिसतो.

८ ऑगस्ट

अजून अंधारच. डोक्यात नुसता भुसा भरलाय.

११ ऑगस्ट

कळलं!!

आमचा इस्पितळाचा धुलाई विभाग तळघरात. लिफ्टमध्ये चादरींची गाडी घेऊन उभी होते, वर आकडा – उणे एक. इतकी वर्षं बघतेय! रस्ता म्हणजे शून्य. मी रस्त्याच्या खाली, म्हणून उणे. खाली कितीही धावपळ केली तरी तळघरातच. ग्रहाच्या ओढीत अडकलेल्याचं तसंच – सुटायचं तर शून्यापर्यंत चढायला हवं. आणि गंमत म्हणजे, गोल फिरणाऱ्याची जितकी ऊर्जा धावण्यात असते, बरोब्बर तितकीच आणखी मिळाली की तो सुटतो. परत येत नाही. लिफ्ट वर गेली, खाली आली, मी आपली आतच. नर्स ओरडली, "अहो मावशी, चादरी!"

घरी जवळजवळ पळतच आले. ती भाषणात खाडाखोड करत बसली होती. "आज तरी कळलं का गं?" आणि माझ्या तोंडून निघालं – "नाही बाई."

का, ते इथे लिहायला कुणाची भीती? मला कळलं की ती जाणार. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मला ती जायला नको आहे. झालं, लिहिलं.

१४ ऑगस्ट

सोंग झकास वठतंय. आज विचारलं, "उपग्रह म्हणजे तो टीव्हीचा ना?" तिनं कपाळाला हात लावला. शाळेच्या नाटकात मला झाडाचं कामसुद्धा दिलं नव्हतं. बघायला हव्या होत्या त्या बाई आज!

१७ ऑगस्ट

पुन्हा "नाही कळलं". ती नीट जेवली नाही. मी दोनदा वाढून घेतलं – निर्लज्ज!

२० ऑगस्ट

"मी नाव मागे घेते," म्हणाली. "आईलाच समजावता येत नाही, तर लोकांना काय डोंबल समजावणार?" चिडली असती तर बरं होतं. अगदी शांतपणे म्हणाली.

म्हणजे मी जिंकले! भांडी घासायला गेले नि एकच ताट घासत राहिले. ओल्या हातांनीच बाहेर आले आणि सगळं घडाघडा बोलून टाकलं – लिफ्ट, तळघर, रस्ता, तितकीच आणखी ऊर्जा. फरशीवर साबणाचं पाणी ठिबकत होतं. तिनं विचारलं, "कधी कळलं तुला?" – "आत्ताच, भांडी घासताना." खोटं बोलणं आता अंगवळणी पडलंय.

२२ ऑगस्ट

भाषण झालं. माझी लिफ्ट ढापली तिनं! लोक हसायच्या जागी हसले. मी जरा जास्तच हसले.

२९ ऑगस्ट

निवड झाली. दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१० सप्टेंबर

बॅग भरताना म्हणाली, "तुला त्या दिवशीच कळलं होतं ना? पळत दारातून आत आलीस तेव्हाच तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. तू नाही म्हणालीस आणि मला इतकं हायसं वाटलं! अर्ज तर करून बसले होते, पण जायचं माझ्या जिवावर आलं होतं गं. मग तू ते सगळं इतकं छान समजावलंस, म्हटलं, आईच्याच मनात आहे मी जावं. हो ना?"

"हो," म्हटलं.