किरण कुठवर आले

कळंबा, कोल्हापूर
जानेवारीअखेर

प्रिय वर्षा,

रोज फोनवर बोलणारा दादा अचानक पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "जेवलास काय?" म्हणून विचारतेस आणि माझं बोलणं तिथंच राहतं. दोन महिने असंच चाललंय. म्हणून म्हटलं, कागदावर लिहून आजऱ्याला पाठवावं, निदान एकदा सगळं सांगून तरी होईल.

मागच्या आठवड्यात अनुजाचा फोन आला होता. तुझी लेक तुझ्यासारखीच, आडपडदा ठेवत नाही. म्हणाली, "मामा, आज्जी गेल्यापास्नं आई देवघरात दिवा लावत न्हाई. शुक्रवारबी सोडला. अंबाबाईचं नाव काढलं की उठून आत जाती." खरं तर माझ्यासारख्यानं हे ऐकून साखर वाटायला हवी होती. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, घरातल्या एकेका उपासाची टिंगल केली, तुझ्या लग्नात पत्रिकेवरून भटजींशी हुज्जत घातली आणि आबांच्या शिव्या खाल्ल्या. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आईचं आणि माझं भांडण तुला पाठ आहे. वर्षातून दोनदा किरणोत्सव आला की ते उकरून निघायचं. मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात शिरतं, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. मी नवा नवा प्राध्यापक झालो होतो तेव्हा स्वयंपाकघरातल्या फरशीवर कोळशानं आकृती काढून तुम्हा दोघींना समजावलं होतं. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा आणि परत येताना एकदा, बरोबर त्याच जागी मावळतो. बांधणाऱ्यांनी दार त्या रेषेत धरलं. चमत्कार असलाच तर तो त्यांच्या गणिताचा. आईनं सगळं ऐकून घेतलं, फरशी पुसली आणि म्हणाली, "तुझं गणित दारापतोर खरं हाय. आत कुठवर यायचं ते ती ठरवती." एखाद्या वर्षी ढग आले की मी हळहळायचो आणि ती शांतपणे म्हणायची, "आज न्हवतं तिला भेटायचं." मला राग यायचा. आता वाटतं, आमच्या दोघांचं जमायचं ते त्या भांडणातच.

गेल्या पावसाळ्यात तिच्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचं निघालं. ऑपरेशन केलं नाही तर वर्ष, दीड वर्ष. केलं तर शंभरातले पंचाण्णव बरे होतात, असं डॉक्टर म्हणाले. आई ऐकेना. शेवटी तिनं आपला नेहमीचा मार्ग काढला. म्हैस घ्यायची असो की तुझं स्थळ ठरवायचं असो, देवीचा कौल घेतल्याशिवाय ती पाऊल उचलत नव्हती. या वेळी म्हणाली, "किरणोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी किरणं मुखावर आली तर कापून घेईन. न्हाई आली तर परत इषय काढायचा न्हाई." मी वैतागलो. क्षितिजावरच्या धुळीवर कुणी जीव टांगतं का, असं ओरडलोसुद्धा. तिच्या मोतीबिंदूमुळे टीव्हीवर तिला धड दिसायचं नाही, आणि गर्दीत तिला नेणं शक्य नव्हतं. तर मलाच म्हणाली, "तू तिथं उजेड मोजायला असतोसच की. डोळ्यानं बघ आणि मला सांग. तुला देवाचं पटत न्हाई, म्हणून तर तुझं बघणं मला पटतंय. बाकीची लाडानं वाढवून सांगतील."

त्या संध्याकाळी देवळात मुंगीला वाट नव्हती. आमच्या कॉलेजातली माणसं प्रकाश मोजायची यंत्रं घेऊन नेहमीच्या जागी उभी होती. ऊन गरुड मंडपातून आत आलं, पितळी उंबरा ओलांडला, चरणांवर पडलं, कमरेवर चढलं आणि तिथंच विरून गेलं. पश्चिमेला धुरकट पट्टा होता, त्यात सूर्य बुडाला. बाहेर आल्यावर पत्रकारांनी विचारलं, मी सांगितलं, किरण कमरेपर्यंत आले. मग बाजूला जाऊन घरी फोन लावला. आईनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही, नुसतं विचारलं, "कुठवर?"

मी म्हणालो, "मुखावर आले, आई. लख्ख."

लख्ख हा शब्द मी का जोडला, ते मला अजून कळत नाही.

वर्षा, इथं तू कागद फाडशील. फाडू नकोस, पुढचं वाच. त्या वेळी मला ते पाप वाटलं नाही. लहान मुलाला कडू गोळी गुळात घालून देतात, तसं वाटलं. शंभरातल्या पंचाण्णवांवर माझा विश्वास होता, अगदी तिचा देवीवर होता तसा. त्या उरलेल्या पाचांत आपलीच आई असेल, हे मनालासुद्धा शिवलं नाही. तिला नीट समजावायला, तिच्याशी रोज भांडायला वेळ लागला असता. मी पळवाट काढली. जन्मभर पोरांना बजावलं, यंत्र दाखवेल तेच सांगा, तुम्हाला हवं ते नाही. आणि आयुष्यात एकच माप असं होतं ज्यावर माझ्या आईचा जीव ठरणार होता, ते मी खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशीचा पेपर तिला कुणी वाचून दाखवायच्या आत मी रद्दीत टाकला. तू पेपर न बघता, आईचंच ऐकून खण-नारळ घेऊन आलीस. तूही ऑपरेशनला घाबरत होतीस, पण कौल मिळाला म्हणून तुझा चेहरा उजळला होता. आपण दोघं ओटी भरायला गेलो. रांगेत तुझी पिशवी मी धरली होती. न मिळालेल्या कौलाची ओटी भरताना मी तुझ्या शेजारी उभा राहिलो आणि वर प्रसादाचा पेढाही खाल्ला.

ऑपरेशनला आत नेताना माझाच चेहरा उतरला होता. आईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "घाबरू नगंस. तिनं व्हय म्हटलंय." चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांची काही चूक नव्हती, मी सगळे कागद तपासले. ऑपरेशन केलं नसतं तर ती आज असती का, हेही मला सांगता येणार नाही. पण त्या खोलीत ती माझ्या शब्दावर गेली, आणि तो शब्द देवीचा आहे असं समजून गेली.

हे मी पोटात ठेवून मेलोही असतो, वर्षा, इतका मी भित्रा आहे. पण रविवारी तू फोनवर रडत म्हणालीस, "दादा, तुझंच खरं. वर कोणबी न्हाई. असती तर मुखावर येऊन असा गळा कापला असता व्हय?" हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकण्यासाठी मी चाळीस वर्षं वाद घातला, आणि ते आलं तेव्हा मी फोन ठेवून दिला. तुला देव मानायचा नसेल तर मानू नकोस, पण ते माझ्या थापेवरून ठरवू नकोस. मला कळतंय, आता तू उलटं म्हणशील, देवीनं तर नाहीच म्हटलं होतं, दादानंच आईला तिचं ऐकू दिलं नाही. मी धुराचं कारण सांगेन, तू विचारशील, धूर नेमका त्याच दिवशी कसा? त्यावर मी वाद घालणार नाही. तो हक्क मी गमावला. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, फक्त एवढं धरून ठेव. आईला देवीनं फसवलं नाही. मी फसवलं.

तू नको म्हणालीस तरी तुझाच,
कृष्णातदादा