खडीत फोडलेला पाट

कोजागिरीनंतरचा रविवार, संध्याकाळ

आज आबांना जपानी बागेत नेलं. आमची भुईगावची केळीची वाडी विकल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते, आणि मला उद्या दुपारपर्यंत त्याच बागेवर लेख द्यायचा आहे. म्हटलं, दोन्ही कामं होतील.

तिथे पांढऱ्या खडीत दाताळ्याने रेषा ओढल्या आहेत, नुसत्या बघण्यासाठी. आबांना ते पाण्याचे पाट वाटले. मधलं झाड उन्हाने कोमेजलेलं दिसलं, तशी चपला काढून ते आत शिरले आणि टाचेने पाट झाडाकडे फोडू लागले.

"ओ काका, बाहेर या! शोभेचं आहे ते!" रखवालदार ओरडला.

"मग झाडाला पानी काय तू पाजनार?"

किती महिन्यांनी ऐकला आबांचा हा आवाज! मी रखवालदाराची माफी मागितली. पण मला खरंच वाईट वाटलं होतं का? मोडलेल्या रेषा लेखात घालू, की गाळू?

आत्ता चहा घेताना आबा म्हणाले, "बाय, उद्या कधी निघायचं? पाट अर्धाच राहिला."

"उन्हं चढायच्या आत," मी म्हणून गेले. लेखाचा कागद कोराच आहे, आणि रखवालदाराला काय सांगायचं, तेही सुचत नाही.