गप्प बसायची शाळा

१८ जून
माझ्या अनुश्रीनं आज दप्तर उचललंच नाही. काल वाचताना अडखळली, तर मॅडम म्हणाल्या, "जल्दी बोलो, औरों का टाइम जा रहा है." वर्ग हसला. अन्नपूर्णा भागातल्या ह्याच शाळेत मी वरच्या वर्गांना शिकवते, म्हणून माहीत आहे — शाळा वाईट नाही. पण मुलं फार, कोर्स मोठा. थांबणार कोण?

२२ जून
शहराबाहेर राऊ गावातली लहान शाळा बघून आले. चालवणारे नीरज मसीह, इटारसीकडचे, घरात आजोबांपासून क्वेकर. म्हणजे ख्रिस्तीच, पण पाद्री नाही, ठरलेली प्रार्थना नाही. मग करता काय, विचारलं. म्हणाले, गप्प बसतो. देवाचा उजेड प्रत्येकाच्या आत असतो, तो ऐकू यावा म्हणून. शाळेत धर्म शिकवत नाहीत. सकाळी सगळे गोल बसतात, आतून वाटलं तर बोलायचं, नाहीतर नाही. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षिसं नाहीत. आणि मुलं त्यांना नुसतं 'नीरज' म्हणतात — सर नाही, जी नाही!

सासरे शंकरराव, आमचे बाबा, रिटायर्ड हेडमास्टर. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अस्मिता, गप्प बसायला शाळा कशाला? घर आहे की."

१ जुलै
अनु जायला लागली.

९ ऑगस्ट
दोन मुलांची मारामारी झाली. शिक्षा नाही. दोघांचं ऐकून, समेट होईपर्यंत सगळा वर्ग बसून राहिला. बाबा म्हणाले, गणिताचा तास बुडाला ना. खरंय. अनुचं गणित आमच्या शाळेतल्या मुलांच्या मागे पडलंय.

१४ सप्टेंबर
आज मी अनुच्या शाळेतच होते. सहल पाताळपाणीच्या धबधब्याला ठरत होती. मतं मोजत नाहीत, सगळ्यांना पटेपर्यंत थांबतात. सगळे हो म्हणाले आणि अनु उभी राहिली. "म... मला नाही पटत. जनाला इतकं चा... चालवत नाही." जना म्हणजे पायाला आधाराचा पट्टा लावून चालणारी मुलगी. वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला. कुणी मधे बोललं नाही. कुणी तिला शब्द पुरवला नाही. मी पदर डोळ्याला लावला.

सहल आता खजरान्याच्या देवळात जाणार, तिथे फार चालावं लागत नाही.

२० नोव्हेंबर
बाबा हल्ली चहाआधी गच्चीत डोळे मिटून बसतात. विचारलं तर म्हणतात, बीपीसाठी.

३ फेब्रुवारी
आमच्या प्रिन्सिपलनी विचारलं, मुलगी परत येणार का? मी सरळ नाही म्हटलं. दहावीपर्यंत राऊलाच, माझं ठरलंय. हे नीरजना कौतुकानं सांगायला गेले, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "अनुला विचारलंत?" राग आला. आई मी आहे.

१० मार्च
शेवटी विचारलं. बराच वेळ ती गप्प. मीही. मग म्हणाली, तिला परत अन्नपूर्णातल्या शाळेत जायचंय.

मला वाटलं, चुकून म्हणाली. का गं?

आपल्या कॉलनीत नवीन आलेली संहिता तिथे तिच्याच यत्तेत आहे. तीपण अडखळते. वर्गात तिच्याजवळ कुणी बसत नाही.

"मी ब... बसेन, आई."

उद्या दाखला काढायला राऊला जायचंय.