पाणी आधी हटलं होतं

वर्सोवा कोळीवाडा, अंधेरी
ता. ९ नोव्हेंबर १९८६, रविवार

चि. चंद्रप्रकाशला आजीचा आशीर्वाद.

अक्षर तुझ्या नलूआत्याचं, तोंड माझं. आधीच सांगते, कारण ती मधेमधे शहाणपणाचे शब्द घुसवते. इकडे सगळे बरे आहोत. दिवाळीत तुझ्या आईने करंज्या केल्या, होडीची भोकं बुजवायला चालतील अशा. तू जपानात कच्चे मासे खातोस म्हणे. इथे तळलेल्या तुकडीतले काटे मी काढून द्यायचे, तरी नाक मुरडायचास.

तुझं पत्र नलूने तीनदा वाचून दाखवलं. धरणीकंपात समुद्राचा तळ कुठे उचलतो, कुठे खाली बसतो, ते तू गणितात मांडतोस आणि त्यावरून किनाऱ्याला पाणी आधी चढेल की आधी हटेल ते काढतोस, एवढं मला कळलं. आमच्या वेळची, पंचेचाळीस सालची लाटही मांडलीस. तुझ्या गणितात वर्सोव्याला पाणी आधी हटतं. पण आजी तर सांगत आली की पाणी एकदम चढलं, म्हणून तू तळाचा आकारच बदललास. महिनाअखेर ते छापायला जाणार, पुढे किनाऱ्यावरच्या लोकांना सावध करायला वापरणार.

बदलू नकोस रे. तुझं गणित बरोबर आहे.

हे सांगायला मी आठ दिवस घेतले. नलू पेन घेऊन बसली की मला बाजार आठवायचा.

त्या दिवशी कार्तिकातली वद्य नवमी होती. भांगाचे दिवस, म्हणजे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मला अक्षर येत नाही, पण तिथीवरून पाण्याची वेळ अख्खा वाडा मला विचारायचा. सकाळी आठचा सुमार. पुरुष दर्यावर, बायका बाजाराला. मी बोंबील वाळत घालत होते. वर बघते तर खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा. अमावास्येच्या ओहोटीलाही दिसत नाही, तिथपर्यंत.

मला वाटलं, माझी तिथी चुकली. शेजारी शांताबाई चूल पेटवत होती. हाक मारून विचारायचं होतं फक्त. नाही विचारलं. हसली असती ती.

चिखलात निवट्यांची मासळी उड्या मारत होती. माझ्या द्रौपदीला, तुझ्या थोरल्या आत्याला, नववं वर्ष लागलं होतं. तिला म्हटलं, "जा, पाटी भरून आण, बाकीच्यांना दिसायच्या आत."

ती म्हणाली, "आये, पाणी कुठं गेलं?"

"तुझ्या सासरी. जा आता."

दोन पाट्या बोंबील घालून होतील एवढा वेळ गेला. मग आलं. लाट नव्हती ती, खाडीच उठून चालत आली. पोर दुसऱ्या दिवशी मढच्या बाजूला तिवरांत सापडली.

सासूने विचारलं, "कोणी पाठवली तिला?" मी म्हटलं, "बापाला भाकरी द्यायला गेली होती, पाणी एकदम आलं." तुझा आजा त्या दिवशी दर्यावर गेला नव्हता. वर ओढलेल्या होडीत पाठमोरा बसून जाळं सांधत होता, होडी तरंगली म्हणून वाचला. त्याने माझं बोलणं ऐकलं.  पुढे होडीवर कधी भाकरी नेली नाही. उपाशी जायचा, उपाशी यायचा.

नलू लिहायची थांबलीय. म्हणते, "म्हणून बाबा मला किनाऱ्यावर डबा आणू देत नव्हते?" होय, म्हणून. म्हणते, "त्यांना कधी सांगितलंस?" चौतीस वर्षं रोज ताट वाढलं, रोज सांगता आलं असतं. एकोणऐंशी साली तो गेला, तेव्हा ओठांना पाणी लावलं आणि गप्प बसले.

लिही गं. रडायचं ते पत्र टाकून आल्यावर.

तर चंद्रप्रकाश, पाणी किती हटलं, तर तुझी शाळा घरापासून जेवढी लांब, तेवढं. किती वेळ, ते नलूला दोन पाट्या बोंबील घालायला लावून घड्याळात बघायला सांगते आणि आकडा वेगळ्या चिठ्ठीवर घालून सोबत पाठवते. ती हळू घालते, त्यातून थोडं कमी धर. तिथी नवमीच होती, तीही लिही. आणि पळायला वेळ होता, हे सगळ्यात वर लिही.

रागावलास तर राग कागदावर उतरव. नलूला बजावलंय, एक शब्द गाळून वाचायचा नाही.

द्रौपदीला चिखलात पाठवणारी तिची आई,
सोनूबाई
(डाव्या हाताचा अंगठा)