विचारलं तेवढंच

३ मार्च

दातांच्या डॉक्टरनं आज कवळीचं माप घेतलं. तोंडात गुलाबी लगदा कोंबला आणि म्हणाला, बोलू नका. मला असं सांगणारा हा पहिलाच. आमच्या कैलासवासी ह्यांची अख्ख्या संसारात तेवढी छाती झाली नाही.

बाहेर बाकावर एक म्हातारे बसलेले. ताठ, इस्त्रीचा शर्ट, जाड चष्मा, तोंडाचं बोळकं. मी लगेच ओळखलं — पेपरात फोटो येतो. खासदार आहेत. सरकार परदेशी व्यापारात काय काय दिवे लावतं ते विचारायची एक समिती असते, तिच्यात बसतात. मी म्हटलं, "अहो, दात नाहीत तर सरकारला चावणार कसं?"

"म्हणूनच आलोय," म्हणाले.

दोघंही हसलो. दोन बोळकी एकदम उघडली म्हटल्यावर कंपाउंडर दचकून आत गेला.

७ मार्च

सूनबाई ऑफिसातून आली ती चपला न काढता खुर्चीत बसली. चहा दिला, तो निवला. लेक जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणार — म्हणजे विचारपूस करायला मीच.

तिचं ऑफिस म्हणजे सरकारी जामीनदार. इथला व्यापारी परदेशात माल विकतो. तिकडच्या गिऱ्हाइकानं हात वर केले तर सरकार भरून देतं. कुणाला जामीन राहायचं ते हिचं खातं ठरवतं. एवढं मला कळतं. बाकी निर्यात धोरण वगैरे ती जेवताना बोलते तेव्हा मी मान हलवते आणि भाजी वाढते.

तर एक बडा पंपवाला. त्यानं परदेशात पंप विकले, सरकार जामीन राहिलं, आणि गिऱ्हाईक गायब. पत्त्यावर जाऊन बघतात तर मोकळं मैदान! कागदावर सही कुणाची? सूनबाईची. आता समितीनं तिला साक्षीला बोलावलंय. आणि तोच पंपवाला पुन्हा नव्या जामिनासाठी दारात उभा.

"तू बघून का नाही आलीस आधी?"

"आई, मी म्हटलं होतं जाऊन येते. साहेब म्हणाले, गरज नाही, वरून घाई आहे, सही करा."

समिती कुठली ते विचारलं. माझ्या बाकावरच्यांचीच! चहा पुन्हा गरम केला.

९ मार्च

साक्षीच्या आधी सूनबाईच्या ऑफिसात तालीम असते म्हणे. कुणीतरी खासदार व्हायचं, उलटसुलट विचारायचं. साहेबांनी स्वतःच सगळे खासदार केले आणि सगळे गोडगोड प्रश्न विचारले. म्हणून मी म्हटलं, घरी मी घेते तालीम.

ह्यांचा जुना कोट चढवला, हातात लाटणं. पहिला खासदार झोपाळू — घोरून दाखवला. दुसरा भाषणबाज: "माझ्या लहानपणी पंप हाताने मारत..." असं सुरू केलं ते कुकरची शिट्टी झाली तरी प्रश्न येईना. सूनबाई पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग कोटाची बटणं लावली आणि सरळ विचारलं, "बाई, ते गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायला गेलं कोण?"

तिचं हसणं थांबलं. मग रडली.

"हाच, आई. हा प्रश्न आला तर मी सुटले. सांगेन, कुणी गेलं नाही, मला जाऊ दिलं नाही. पण हा कुणी विचारणार नाही."

"मग न विचारता सांग."

"तसं नाही चालत. अधिकाऱ्यानं विचारलं तेवढंच सांगायचं. शेजारी साहेब बसणार. आपणहून तोंड उघडलं की सरकारच्या अंगावर गेल्यासारखं. आणि नाही उघडलं तर सही माझी, चूक माझी, नोकरी गेली."

कोट काढून ठेवला. गंमत आपोआप संपली.

१३ मार्च

दवाखान्यात खासदार होते. आता आमची जागा ठरलेली — खिडकीकडची मी, दाराकडचे ते. कागदांचा गठ्ठा मांडीवर. समितीत कागद वाचून येणारा हा एकच प्राणी असावा. बाकीचे कसे आहेत विचारलं तर म्हणाले, "एक झोपतात, एक बोलतात." म्हणजे माझी नक्कल बरोबर होती!

मग चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतायत. म्हटलं, काच झिजेल. तेव्हा म्हणाले, "दातांचं काम संपलं की आपली भेट कशी व्हायची? मी विचार करत होतो, तुमची हरकत नसेल तर... लग्न करूया का?"

या वयात! दातांच्या दवाखान्यात! आत कुणाची तरी दाढ उपटत होते, तो ओरडत होता.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. पण आधी खरं सांगायला हवं होतं. म्हटलं, तुमच्यापुढे पंपांच्या साक्षीला येणार ती माझी सून.

त्यांचा चेहरा उतरला. "एक अक्षर बोलू नका त्याबद्दल," म्हणाले. मग समजावून सांगितलं. साक्षीदाराच्या घराशी नातं असेल तर सभासदानं सुरुवातीलाच उभं राहून सांगायचं आणि बाहेर जायचं.

"मग आपलं नातं काय?" मी विचारलं.

"सध्या दातांचं. त्याला उठावं लागत नाही. पण तुम्ही हो म्हणालात तर उठावं लागेल."

१४ मार्च

सूनबाईचा तो प्रश्न दिवसभर तोंडात घोळतोय. एकदा त्यांच्या कानात सांगितला की झालं. नाही सांगणार.

१७ मार्च

कवळी बसली. आरशात बघितलं — घोडीसारखी दिसते, पण तरणी घोडी.

ते फाटकाशी उभे होते. त्यांचीही बसलेली. मी घरून ठरवूनच गेले होते. हे बाहेर गेले तर आत उरणार झोपणारा आणि बोलणारा. सूनबाईचा प्रश्न विचारणार कोण? हे आत बसले तर आज ना उद्या त्या प्रश्नापर्यंत पोचतीलच, मी न सांगता. कागद वाचतात.

म्हणून म्हटलं, "माझ्याकडून नाही. आपलं काही नातं नाही."

का ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो प्रश्नच त्यांच्या कानात घातल्यासारखं झालं असतं.

"बरं," म्हणाले. नव्या कवळीतून शब्द नीट निघेना त्यांचा. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. रस्ता ओलांडून गेले. मागं बघतील वाटलं होतं.

जेवण गेलं नाही. सूनबाईला सांगितलं, कवळी टोचते.

२० मार्च

काय दिवस!

समितीची खोली आपल्या लग्नाच्या कार्यालयाच्या जेवणघराएवढी. घोड्याच्या नालासारखं टेबल, मधे साक्षीदार. लोकांना बसायला मागं खुर्च्या. मी शेवटच्या रांगेत. सूनबाई आणि शेजारी साहेब — तेल लावल्यासारखे चकचकीत.

अध्यक्षबाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "कुणाला काही संबंध जाहीर करायचाय?" असं विचारलं की सगळे कागद चाळतात, बहुतेक कुणी उठत नाही.

आमचे उठले.

"साक्षीदारांच्या सासूबाईंना मी लग्नाचं विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. तेव्हा नियमानं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. पण माझ्या बाजूनं ते संपलेलं नाही. या साक्षीत माझं मन सरळ चालेल याची मला खात्री नाही. मी बाहेर बसतो."

झोपणारे खडबडून जागे. कार्यवाही लिहिणाऱ्यानं पेन थांबवून विचारलं, "बाई, हे सगळं लिहू?" अध्यक्षबाई म्हणाल्या, "लिहा. शब्दन् शब्द."

सूनबाईनं मान वळवली. मी छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

ते गेले. आणि मी कपाळाला हात लावला. एवढा नकार दिला, माणूस दुखावला, आणि शेवटी बाहेरच!

पुढं तेच. बोलणाऱ्यांनी व्यापारावर भाषण केलं. दुसऱ्यांनी पंपांचा रंग विचारला. साहेब प्रत्येक उत्तराला मधाचं बोट लावत होते. वेळ संपत आली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आभारी आहोत, आपण आता जाऊ शकता."

साहेब उठले. सूनबाई उठली नाही.

"मला हे कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आत्ता एक गृहस्थ न विचारता बोलून गेले. मीही सांगते. गिऱ्हाईक बघायला कुणी गेलं नव्हतं. मी परवानगी मागितली होती, मिळाली नाही. सही करायला सांगितलं, मी केली. नव्या जामिनासाठीही हेच चाललंय."

साहेब म्हणाले, "मॅडमची तब्येत बरी नाही."

"तब्येत उत्तम आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "साहेब, तुम्ही बसा खाली."

मग खरी साक्ष सुरू झाली.

घरी येताना रिक्षात सूनबाई म्हणाली, "आई, नाही का म्हणालात त्यांना?"

"तुझा प्रश्न विचारायला ते आत राहावेत म्हणून."

ती जी हसत सुटली, रिक्षावाल्यानं दोनदा मागं बघितलं.

"आणि तेच बाहेर गेले!"

"तेच ना गं," म्हटलं. पाणी आधी कुणाच्या डोळ्यांत आलं ते सांगत नाही.

२८ मार्च

पंपवाल्याचा नवा जामीन थांबला. साहेब रजेवर. ऑफिसात सूनबाईशी कुणी बोलत नाही. डबा एकटी खाते.

४ एप्रिल

सूनबाईची बदली लांबच्या बंदरावर. शिक्षा आहे. ती म्हणते, "शिक्षा देणाऱ्यांना माहीत नाही, माझ्या नवऱ्याचं जहाज तिथंच लागतं." आज सामान बांधलं. माझी उशी ती गाठोड्यात घालत होती. मी ती काढून घेतली, म्हटलं, ही इथंच राहू दे, मी खासदारांना काल हो म्हटलंय.