तिघांचा तांदूळ

प्रिय छुआनी,

तुझं पत्र आयझॉलच्या जीपमधून परवा पोहोचलं. पाकिटाला धुराचा वास होता, म्हणजे तिकडेही तू चुलीपाशी बसूनच लिहितेस. विचारलंयस, नाताळाआधी मिशनला काय कळवू? सेवेची मुदत संपली म्हणून घरी येऊ, की जन्मभरासाठी इथेच राहू? आणि खाली लिहिलंयस, "तुमचं दोघांचं नीट चाललं असेल तरच राहीन. खरं काय ते कळव." अगं, खरं कळवायलाच बसले आहे, पण हात तिकडे वळत नाही. तेव्हा आधी इकडचं तिकडचं ऐक.

रोखुमी दर शनिवारी मुठीचा तांदूळ गोळा करायला टोपली घेऊन येते, तशीच, तेवढ्याच आवाजात. आमचा डबा उचलला की विचारायची, "काय गं, तुम्ही जेवता की नाही? अख्ख्या गल्लीचा मिळून एवढा होत नाही!" कारण तिला ठाऊक होतं, तरी टोमणा मारल्याशिवाय पुढच्या घरी जायची नाही. तू गेलीस आणि दुसऱ्याच सकाळी मी सवयीने तिघांचा तांदूळ मापला. बाकीच्या बायका शिजवण्याआधी देवाची मूठ बाजूला काढतात, तशी मीही काढली, आणि मग माझ्या लक्षात आलं, खाणारे दोघंच. तिथेच रडत बसले. तुझे बाबा म्हणाले, "मापलायस ना, मग टाक डब्यात. मिशनसाठीच विकला जातो. फिरून तिच्याच ताटात जाईल." तेव्हापासून मूठ आहेच, वर तुझा अख्खा वाटा. चुकून झालं होतं, पण मग मी ते सुधारलंच नाही.

तुला आठवतं ना, तरुणांच्या मेळाव्यात बाबा मंडळीचे उपा म्हणून बोलायला उभे राहिले की पोरं आधीच एकमेकांना कोपरखळ्या मारायची, कारण भाषण सगळ्यांना पाठ होतं. "पंधरा दिवस जायचं, गाणी म्हणायची, फोटो काढून परत यायचं, ही सेवा नव्हे, सहल! जायचं तर त्यांची भाषा शिका, त्यांच्या शेतात राबा, परतीचा दिवस न ठरवता जा. कोण जातं, बोला?" दुसऱ्यांची पोरं उठली की ते आनंदाने डोळे पुसायचे. त्या वर्षी तू उठलीस. माणूस तोंड उघडं ठेवून उभाच! मागून म्हातारी थांगी ओरडली, "काय उपा, लोकांची लेकरं पाठवताना जीभ बरी सैल सुटते! आता का दातखीळ बसली?" सगळा मांडव हसला. मी नाही हसले. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, भाताचं ताट समोर आदळायची. तुझ्यावर राग धरवेना, देवावर धरायची भीती वाटे, मग उरले तेच.

या पावसाळ्यानंतर त्यांचा खोकला वाढला. तुला "थोडा खोकला आहे" एवढंच लिहिलं, तेही त्यांनी शेजारी बसून लिहून घेतलं. मेळाव्याला जाणं जमेना. मला म्हणाले, "तू जा, तू बोल." मी म्हटलं, "मी? मी तर पोरांना सांगेन, गपचूप घरी बसा." म्हणाले, "मग तेच सांग, पण उभी राहा." गेले. त्यांची वाक्यं म्हणून दाखवली आणि मग माझंच तोंड सुटलं. म्हटलं, "पोरांनो, सभेत टुणकन उठू नका. आधी घरी जा, आईला सांगा, तिचं रडून होऊ द्या, तिच्या हातचं जेवा आणि मग निघा. पण निघालात तर अर्धवट जाऊ नका. तिथल्या माणसांनी जीव लावायचा आणि तुम्ही उठून यायचं, हे आमच्या रडण्यापेक्षा वाईट." एकही जण उठला नाही. मला वाटलं, घालवली मी सभा. दुसऱ्या सकाळी बुआंगीची धाकटी, आईचा हात धरून दारात हजर! दोघींचे डोळे सुजलेले. बाबांनी अंथरुणातूनच पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या गेल्यावर मला म्हणाले, "छुआनीची आई, तू तर माझ्यापेक्षा बरं बोलतेस. इतकी वर्षं उगाच माझा घसा सुकवलास." पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, छुआनी. बाबा गेले. मंडळी तुला तार करायला निघाली होती, पण त्यांनी आधीच मला बजावून ठेवलं होतं. "तार गेली की पोरगी धावत येईल, आणि आली की तू तिला घट्ट धरून बसशील. तिची मुदत संपत आलीय. तिचं उत्तर मिशनला जाऊ दे, मग कळव." बरोबर बोलत होते, मी तुला सोडलं नसतं. गावच्या पोरांनी कबर खणली, घरात बसून गाणी म्हटली, पाणी भरलं, लाकडं फोडली. तुझी जागा कुणी भरायची हे मात्र कुणाला कळलं नाही. त्यांचं मी आयुष्यभर ऐकलं, पण हे एक ऐकत नाही. तू खरं विचारलंस. खोट्यावर दिलेला होकार देवाला तरी काय कामाचा? आता तू ठरव. राहिलीस तर मी रागावणार नाही. "ये" असं मी लिहीत नाही, कारण एकदा लिहिलं तर सगळं पान त्याच शब्दाने भरेल. काल शनिवार होता. मी अजून तिघांचाच तांदूळ मापते, खाणारी एकटीच. रोखुमीने नेहमीसारखा डबा उचलायला हात घातला, तो तिला एका हाताने उचलेना. या वेळी तिने डबा तसाच खाली ठेवला आणि चुलीपाशी माझ्याशेजारी बसून राहिली.

इथेच असलेली, तुझीच
आई