मामाचे अकरा सूर

४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

यादी वाचलीस ना? वर्षातल्या सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाच्या पारितोषिकासाठी शेवटी दोनच नाटकं उरली आहेत. एक माझं. दुसरं तू ज्यात पियानो वाजवतोस ते, जुन्या गाजलेल्या गाण्यांना गोष्टीची ठिगळं लावलेलं. आई म्हणते, कुणीही जिंका, आनंद घरातच राहील. मी म्हणते, मुळीच नाही!

राग मानू नकोस, पण तुमची गाणी चाळीस वर्षांपूर्वीच टाळ्या घेऊन मोकळी झालीत. पडदा वर जायच्या आधीच प्रेक्षक तुमच्या खिशात. मी दोन वर्षं भाड्याच्या खोलीत पंखा बंद करून, घामाने निथळत चौदा चाली बांधल्या. पहिल्या प्रयोगाला सव्वीस माणसं, त्यांतली चार आपल्याच घरची. आता लोक शेवटचं गाणं गुणगुणत जिना उतरतात. ते गाणं त्याआधी जगात नव्हतं, मामा! मान ह्याला नाही द्यायचा तर कशाला द्यायचा? अर्जात ‘चाली कोणाच्या’ ह्या रकान्यात मी ठसठशीत लिहिलंय: सगळ्या माझ्या, एकही सूर उसना नाही.

महिनाअखेरीस तुमच्या नाट्यगृहात आमचा प्रयोग आहे. तिथला पियानो तूच सुरात लावून ठेव. दुसऱ्या कुणाचा हात मला चालायचा नाही. मामीला नमस्कार. भांडण चालू राहू दे, माया मात्र आटवू नकोस.

तुझी भाची,
टिचकी

११ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मामीने ते मोठ्याने वाचलं आणि ‘ठिगळं’ ह्या शब्दापाशी इतकी हसली की चष्मा पुसावा लागला. घरात फितुरी आहे, दुसरं काय!

आता माझंही ऐक. नवं गाणं पडलं तर लोक म्हणतात, चाल बरी नव्हती. जुनं पडलं तर म्हणतात, ह्या मेल्याने वाट लावली. रोज संध्याकाळी पाचशे लोक आपापल्या आठवणी घेऊन माझ्यासमोर बसतात आणि एक सूर इकडचा तिकडे झाला तर डोळे वटारतात. तिसऱ्या रांगेत एक आजोबा दर बुधवारी येतात, शेजारच्या खुर्चीचंही तिकीट काढतात आणि ती रिकामी ठेवतात. त्यांच्यासमोर वाजवून दाखव, मग खिशाच्या गोष्टी सांग.

पण नाटक तू झकास केलंयस, हे छाती ठोकून सांगतो. शेवटचं गाणं तर माझं फारच लाडकं. पियानो अर्थात मीच लावणार. वेळेवर जेवत जा. ह्या म्हाताऱ्याच्या टोमण्यांसकट त्याला आपला मान.

तुझा,
मामा

२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

प्रयोग रंगला, पण मी तीन दिवस धड जेवले नाहीये. काल फोन उचलला नाही, कारण बोलले असते तर रडले असते.

त्या दुपारी मी लवकर आले. नाट्यगृह रिकामं होतं. तू पाठमोरा, किल्लीने एकेक तार पिळत होतास. काम संपल्यावर पियानो नीट लागला का ते बघायला तू नेहमीसारखे ते अकरा सूर वाजवलेस, आणि मी विंगेतच थांबले. माझ्या शेवटच्या गाण्याची सुरुवात! मग सगळं आठवलं. शाळेतून आले की तुझ्या पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात एखाद्या पियानोखाली बसून मी गृहपाठ करायचे आणि डोक्यावर दिवसातून दहा वेळा हेच अकरा सूर वाजायचे. मला वाटलं, मला सुचले. आपोआप आले म्हणून किती मिरवले मी!

तू पहिल्याच प्रयोगाला हे ओळखलं असणार. मग मूग गिळून का बसलास? माझ्यामागे तुमचे निर्माते उभे होते, त्यांनीही ऐकलं आणि ओळखलं. समितीला कळवायलाच हवं, असं गोड हसून म्हणाले. तुझ्याकडून लेखी घेणार आहेत म्हणे. मामा, ते लिहायच्या आधी मीच लिहीन. चिडलेय, तरी तुझीच आहे.

टिचकी

६ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

खबरदार समितीला लिहिलंस तर! निर्माते कागद घेऊन आले होते. मी सही केली नाही. स्पष्ट सांगितलं की हे गाणं नाही, तारा तपासायची माझी रीत आहे. प्रत्येक पियानो लावणाऱ्याची अशी एखादी ओळ असते. माझ्या उस्तादांच्या ओळीत एक सूर निसटायचा, म्हणून विसाव्या वर्षी मी माझी बांधली. त्यावर ते म्हणाले, मग सोमवारपासून वाजवायला येऊ नका. म्हटलं, फार बरं, संध्याकाळी जरा पाय मोकळे करीन.

हो, ओळखलं होतं. पहिल्या प्रयोगाला मी लहान मुलासारखा रडलो, मामीला विचार. तीस वर्षं रिकाम्या खोल्यांत वाजवलेले सूर कुणीतरी गात होतं, आणि ती आपली टिचकी होती! ते मी तुझ्याकडून परत मागू? पारितोषिक घे आणि गप्प बस. ही आज्ञा समज, आणि आशीर्वादही.

मामा

९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आज्ञा मोडली. समितीच्या कचेरीत स्वतः जाऊन आले.

अर्जातलं खोडून लिहिलं: शेवटच्या गाण्याचे पहिले अकरा सूर माझ्या मामाचे, जो पियानो लावतो. समितीने उभ्या उभ्या सांगितलं, अर्जातली माहिती खोटी ठरली, नियमाने नाटक बाद. बाद तर बाद! माझं मत तसूभरही हललेलं नाही. नव्यालाच मान मिळाला पाहिजे. म्हणूनच तर, मामा. तुझे सूर नवे होते, विसाव्या वर्षी तू ते शून्यातून काढलेस. मग त्यांच्यावर माझं नाव टाकून मी कुठल्या तोंडाने नव्याची बाजू घेऊ? तू गेलास तरी चालेल, मी त्या समारंभाला जाणार नाही. मामीला सांग, रविवारी येतेय. रागावलास तरी दार उघड.

टिचकी

२८ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

समारंभ काल झाला. पारितोषिक जुन्या गाण्यांना मिळालं. वाजवणारी मुलं मेहनती आहेत, त्यांच्यासाठी मी टाळ्या वाजवल्या. जुन्या गाण्यांबद्दलचं माझं मतही तसंच आहे, तू उगाच खूश होऊ नकोस.

पण पुढचं ऐक. रंगमंचावरचा पियानो हलवताना एक तार उतरली. आयोजक धावत मागच्या रांगेत माझ्याकडे आले. मी किल्ली घेऊन वर गेलो. नाट्यगृह गच्च भरलेलं, निर्माते पहिल्या रांगेत पारितोषिक मांडीवर घेऊन बसलेले. तार पिळली. आता तपासायला हवी. आयोजक कानाशी कुजबुजले की दुसरं काहीतरी वाजवा. मी म्हटलं, तीस वर्षं हेच वाजवतोय, आज बदलणार नाही.

वाजवले अकरा सूर आणि हात उचलला, कारण माझे तिथेच संपतात.

बारावा सूर सज्ज्यातून आला. कुणा बाईने गायला. मग तिची रांग, मग खालचे लोक, मग सगळं नाट्यगृह उभं राहून तुझं गाणं शेवटपर्यंत गात होतं, आणि मी पियानोला हातही लावला नाही.

ह्याही रविवारी ये. दार उघडंच आहे.

तुझा,
मामा, फक्त अकरा सुरांचा धनी